कायोटीला मराठीत ‘कोल्हा’ म्हणावे काय? ओकानागन आणि सेलिश लोककथांविषयी एक प्रश्न

ओवीबंध (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि त्याला लागून असलेले अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य या प्रदेशात राहणाऱ्या ओकानागन लोकांच्या, तसेच त्यांच्या भाऊबंद सेलिश भाषिक समाजांच्या लोककथा मी काही काळापासून वाचत आहे, आणि त्यांपैकी निवडक कथा मराठीत आणण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. या कथांचा नायक कायोटी नावाचा, कोल्ह्यासारखा दिसणारा अमेरिकेतला रानटी प्राणी आहे आणि त्याच्यापाशीच मी दोन ठिकाणी अडलो आहे.

पहिली अडचण शब्दाची आहे. पहिल्या खर्ड्यात मी सर्वत्र ‘कोल्हा’ असे लिहिले. वाचायला ते सोपे जाते, परंतु कोल्हा म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आंबट द्राक्षे आणि कावळ्याच्या चोचीतला तुकडा उभा राहतो, आणि मग पुढची सगळी कथा तो त्याच चष्म्यातून वाचतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. एका कथेत हा कायोटी अधाशी, बढाईखोर आणि आळशी असतो. शेजारच्या टॉम्पसन नदीकाठच्या न्लाकापमुख लोकांच्या एका कथेत तर तो मुलाच्या बायकांवर डोळा ठेवून त्या मुलालाच झाडावर चढवतो आणि झाड आभाळापर्यंत वाढवून त्याला वर अडकवून टाकतो. दुसऱ्या कथेत मात्र हाच कायोटी माणसे खाणाऱ्या राक्षसांना मारतो आणि उपाशी लोकांसाठी नदीत मासे आणतो. या दोन निरनिराळ्या व्यक्तिरेखा संकलकांनी एकत्र केल्या असाव्यात की काय, अशी मला शंका येते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रानवाट

शब्दापुरते सांगतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने आपला खर्डा चुकलेला नाही, कारण आपल्याकडचा कोल्हा आणि अमेरिकेतला कायोटी हे दोघेही लांडगा आणि कुत्रा ज्या वंशात मोडतात त्याच वंशातले आहेत. खरी अडचण वेगळीच आहे. ओकानागन कथांत कायोटीला एक जुळा भाऊ आहे, आणि तो ज्याला इंग्रजीत फॉक्स म्हणतात तो प्राणी आहे. मराठीत त्याला खोकड हा नेमका शब्द असला, तरी बोलण्यात आपण दोघांनाही सर्रास कोल्हाच म्हणतो. आपण कायोटीला कोल्हा म्हटले की भावाला काय म्हणावे हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि या दोन भावांचे नाते कथांमध्ये इतके महत्त्वाचे आहे की तिथे गोंधळ होऊन चालणार नाही. कायोटी आपल्या मूर्खपणाने वारंवार मरतो, आणि त्याचा एखादा केस जरी शिल्लक राहिला असेल तरी भाऊ त्याच्यावरून पाऊल टाकून त्याला पुन्हा जिवंत करतो.

माझ्या मते ‘कायोटी’ हा शब्द तसाच ठेवावा आणि भावाला ‘खोकड’ म्हणावे. ओकानागन लोकांच्या न्सिल्ख्चिन भाषेत कायोटीचे नाव सेन्क्लिप असे आहे, आणि ‘नक्कल करणारा’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो. मराठीत ‘नकल्या’ हा शब्द आयताच आहे. तो सगळीकडे वापरावा असे मी म्हणणार नाही, पण ज्या कथांमध्ये नावाच्या अर्थावरच सगळे उभे आहे तिथे तो फार शोभेल. एका कथेत खंड्या पक्षी गोठलेल्या नदीतल्या भोकातून बुडी मारून पाहुण्यासाठी मासे काढतो, आणि कायोटी आपल्या घरी पाहुणे आल्यावर तसेच करायला जाऊन स्वतःची दुर्दशा करून घेतो. तिथे ‘नकल्या’ म्हटल्याशिवाय कथेचा जीव हाती लागणार नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट. सामन माशाचे भाषांतर काही जण ‘रावस’ असे करतात, ते कृपया टाळावे. रावस हा वेगळ्या कुळातला मासा आहे. सामन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध पोहत पुन्हा आपल्याच नदीत येतो. या कथांतले अर्धे कथानक त्या परतीच्या वाटेवर बेतलेले आहे.

नदीकाठ

ओवीबंध, आपली दुसरी शंका मलाही अनेक वर्षे होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या दोन व्यक्तिरेखा नाहीत. ती एकच व्यक्तिरेखा आहे, आणि ती तशी का आहे याचे उत्तर या लोकांनी स्वतःच एका कथेत देऊन ठेवले आहे. नावे वाटण्याची ती कथा आपल्या संग्रहात नसेल तर पहिल्या क्रमांकावर घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

माणसे पृथ्वीवर यायची होती, त्या आधीचा तो काळ आहे. सर्व प्राणी तेव्हा माणसांसारखे बोलत आणि वागत असत. महान आत्म्याने सर्वांना बोलावून सांगितले की उद्या पहाटे माझ्या झोपडीपाशी या. जो आधी येईल त्याला आवडेल ते नाव मिळेल आणि त्या नावाबरोबर कामही मिळेल. कायोटीला स्वतःच्या नावाची लाज वाटत होती. आपण ग्रिझली अस्वल होणार, नाही तर गरुड, अगदी वेळ आली तर सामन, असे तो सर्वांना सांगत सुटला. रात्रभर जागे राहायचे असे ठरवून तो शेकोटीपाशी बसला आणि झोप अनावर होऊ लागली तेव्हा त्याने दोन बारीक काड्या घेऊन पापण्यांमध्ये टेकू दिला. त्याचे डोळे उघडे राहिले आणि उघड्या डोळ्यांनीच तो गाढ झोपला. त्याची बायको चिचुंद्रीसारखी जमीन उकरणारी मोल. तिने त्याला उठवले नाही, कारण मोठे नाव मिळाले तर हा आपल्याला सोडून जाईल अशी तिला भीती होती. तो जागा झाला तेव्हा ऊन वर आले होते. आपणच पहिले आहोत अशा समजुतीने तो धावत गेला आणि ‘मी ग्रिझली होणार’ असे म्हणाला. ते नाव पहाटेच गेले होते. गरुडही गेला होता आणि सामनही गेला होता. उरले होते एकच नाव, त्याचे स्वतःचे, कारण ते कोणालाच नको होते.

इथपर्यंत ही कथा एका बढाईखोराच्या फजितीची वाटते, आणि मुलांसाठीच्या कित्येक पुस्तकांत ती इथेच संपवली जाते. मूळ कथा इथून खरी सुरू होते. महान आत्मा त्याला सांगतो की तुला मीच झोप लावली, कारण तुझ्यासाठी वेगळे काम राखून ठेवले होते. नवी माणसे येणार आहेत आणि त्यांना गिळणारे राक्षस जागोजागी बसले आहेत. त्या सगळ्यांचा बंदोबस्त तू करायचा आहेस. त्यासाठी त्याला हवे ते रूप घेण्याची शक्ती मिळते आणि भावाला त्याला जिवंत करण्याची. परंतु स्वभाव मात्र बदलून मिळत नाही. तो अधाशीच राहतो, खोटारडाच राहतो, आणि काड्यांच्या टेकूमुळे तिरके झालेले डोळे घेऊन कामाला लागतो. आपल्याला जो विरोधाभास वाटतो तो कथाकारांना पहिल्यापासून ठाऊक आहे आणि त्यांनी तो जाणूनबुजून जपला आहे.

आता सामनची कथा पाहू, कारण तिच्यात हा विरोधाभास प्रत्यक्ष भूगोलात उतरतो. नदीच्या खालच्या अंगाला काही बहिणींनी बंधारा घालून सगळे मासे अडवून ठेवले होते. बहिणी किती होत्या हे कथाकारागणिक बदलते. कायोटी तान्ह्या बाळाचे रूप घेऊन पाण्यावरून वाहत त्यांच्या दारी जातो. त्या त्याला दयेने सांभाळतात, आणि त्या कंदमुळे गोळा करायला बाहेर गेल्या की हा बाळरूप सोडून बंधारा खणतो. अखेर बंधारा फुटतो, बहिणी पक्षी होतात आणि कायोटी माशांचा लोंढा घेऊन कोलंबिया नदीच्या काठाने वर निघतो. वाटेतल्या प्रत्येक वस्तीला तो मासे देऊ करतो आणि बदल्यात बायको मागतो. जिथे होकार मिळतो तिथे मासे धरायला सोयीची जागा करून देतो. सिमिल्कमीन नदीवरच्या स्त्रियांनी मात्र सांगितले की आम्हांला मासे नकोत, आम्हांला डोंगरातल्या रानमेंढ्यांचे मांस आवडते. रागावून त्याने त्या नदीत धबधबा उभा केला आणि सामन त्याच्या वर जाईनासे झाले.

तो धबधबा आजही तिथे आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या ओरोव्हिल गावाजवळ सिमिल्कमीन नदीवर तो आहे आणि कायोटीच्याच नावाने ओळखला जातो. एका लोचट नवरदेवाचा अपमान, एका समाजाचे मांसाहाराचे वेगळेपण आणि नदीतल्या माशांच्या वाटेची मर्यादा या तीन गोष्टी या कथेत एका गाठीत बांधल्या आहेत, आणि कुठे मासे मिळतील, कुठे मिळणार नाहीत हे लहान मुलालाही तिच्यातून कायमचे लक्षात राहते. कायोटी सज्जन असता तर सगळ्याच नद्यांत मासे असते. तसे नाही, म्हणून त्याच्या स्वभावाची कथा सांगावी लागते.

म्हणूनच ओकानागन लोक या कथांना नुसत्या गोष्टी मानत नाहीत. त्यांचा शब्द ‘चप्तीक्व्ल’ असा आहे आणि त्यात जमीन, पाणी, प्राणी यांच्याशी कसे वागावे याचे नियम सामावलेले आहेत असे ते सांगतात. याच परंपरेतली चार अन्नप्रमुखांची कथा आपण अवश्य वाचावी. माणसे येण्यापूर्वी काळे अस्वल, चिनूक सामन, बिटररूट नावाचे कडवट मूळ आणि सॅस्काटून बेरी हे चौघे एकत्र बसतात आणि येणारी माणसे काय खाऊन जगतील याचा विचार करतात. सर्वांत वडील असलेले अस्वल प्रथम स्वतःला देऊ करते. पेंटिक्टन येथील एनाउकिन सेंटर या ओकानागन संस्थेत आजही सामूहिक निर्णय घेण्याच्या पद्धतीचा पाया म्हणून ही कथा शिकवली जाते. त्यात अस्वल परंपरेच्या बाजूने, मूळ नातेसंबंधांच्या बाजूने, सामन कृतीच्या बाजूने आणि बेरी नव्या कल्पनांच्या बाजूने बोलते असे मानतात.

जुनी पाने

नदीकाठ यांनी मुद्दा नेमका मांडला आहे. संकलकांविषयी मात्र आपली शंका पूर्णपणे अनाठायी नाही, असे मला वाटते. त्यांनी दोन व्यक्तिरेखा एक केल्या नाहीत. उलट एकाच व्यक्तिरेखेचे काही भाग गाळले.

या कथा कागदावर आणणाऱ्यांत दोन नावे आपण लक्षात ठेवावीत. पहिले नाव जेम्स टेट यांचे. शेटलंड बेटांवरून ब्रिटिश कोलंबियात आलेले हे गृहस्थ स्पेन्सेस ब्रिज येथे स्थायिक झाले, न्लाकापमुख समाजातील स्त्रीशी त्यांनी विवाह केला, तिथली भाषा शिकले आणि मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्यासाठी अंतर्भागातल्या सेलिश समाजांच्या शेकडो कथा त्यांनी लिहून घेतल्या. दुसरे नाव मोर्निंग डव्ह या लेखनामाने ओळखल्या जाणाऱ्या क्रिस्टीन क्विंटास्केट यांचे. त्या स्वतः या समाजातल्या होत्या. दिवसभर फळबागांत आणि हॉप्सच्या (बिअरमध्ये घालतात त्या वेलाच्या) मळ्यांत मजुरी करायची आणि रात्री तंबूत टंकलेखन यंत्रापुढे बसायचे, अशा परिस्थितीत त्यांनी लिहिले. त्यांचा कायोटीच्या कथांचा संग्रह १९३३ साली प्रसिद्ध झाला. नावे वाटण्याची जी कथा वर आली आहे, ती आपल्यापर्यंत पोहोचली यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. परंतु तो संग्रह गोऱ्या वाचकांच्या मुलांसाठी म्हणून घडवला गेला, आणि कायोटीचे शरीरधर्म, त्याची कामवासना, अश्लील वाटेल असे सगळे त्यातून काढून टाकले गेले. म्हणून आपण एका पुस्तकात एक कायोटी वाचता आणि दुसऱ्या पुस्तकात दुसरा.

आणखी एक गाळणी होती आणि ती मला अधिक गंभीर वाटते. गोऱ्या माणसांशी संबंध येण्यापूर्वीची ‘शुद्ध’ कथा हवी, असा त्या काळच्या संकलकांचा ध्यास होता. त्यामुळे ज्या कथांत बंदूक, कागद किंवा राजा यायचा त्या बाजूला पडत. हॅरी रॉबिन्सन या सिमिल्कमीन खोऱ्यातल्या कथाकारामुळे हे उघड झाले. १९०० साली जन्मलेले हे पशुपालक आजीकडून कथा शिकले होते. १९७७पासून वेंडी विकवायर या संशोधिकेने त्यांच्या कथा ध्वनिमुद्रित केल्या आणि १९९०मध्ये त्यांचे निधन झाले त्याच्या आदल्याच वर्षी पहिला संग्रह निघाला. छपाईतही त्यांचे बोलणे गद्यात न ओतता, श्वास जिथे थांबला तिथे ओळ तोडून ठेवले आहे. मराठी अनुवादकाने हे एकदा मोठ्याने वाचून पाहावे.

रॉबिन्सन यांच्या कथेत सुरुवातीला दोन जुळे भाऊ असतात. थोरला कायोटी, म्हणजे आदिवासींचा पूर्वज. धाकटा एक कागद चोरतो, विचारल्यावर खोटे बोलतो आणि त्याला समुद्रापार पाठवले जाते. गोरे लोक त्याचे वंशज. हे वंशज एक दिवस परत येतील आणि कागदावर काय लिहिले आहे ते थोरल्याच्या मुलांना दाखवतील, असे ठरलेले असते. ते येतात, पण कागद दाखवत नाहीत. पुढे कायोटी स्वतः इंग्लंडच्या राजाला भेटून करार लिहून घ्यायला लावतो. इथे लबाड कोण, हा प्रश्न रॉबिन्सन अतिशय शांतपणे आपल्यापुढे ठेवतात. ही कथा ‘प्राचीन’ नाही म्हणून जर आपण संग्रहाबाहेर ठेवली तर जुन्या संकलकांचीच चूक पुन्हा होईल.

ओवीबंध

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. कायोटी, खोकड आणि सामन हे तिन्ही शब्द मी स्वीकारत आहे. दोन उपप्रश्न विचारतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या सेलिश समाजांच्या कथांत मला कायोटी फारसा आढळला नाही. याचे कारण काय असावे? आणि या कथा फक्त हिवाळ्यात सांगतात असे वाचले, ते खरे आहे काय?

रानवाट

हिवाळ्याविषयीचे खरे आहे. मोंटानातील सेलिश लोक आजही कायोटीच्या कथा जमिनीवर बर्फ असतानाच सांगाव्यात असे मानतात, आणि अंतर्भागातल्या इतर समाजांतही कथाकथनाचा काळ हिवाळा हाच होता. मासेमारी, कंद खणणे, बेरी तोडणे हे सगळे उरकलेले असे, आणि लांबलचक रात्री कथेसाठी मोकळ्या असत.

किनाऱ्याविषयी एवढेच सांगतो की सेलिश हे एका जमातीचे नाव जसे आहे तसेच ते वीसहून अधिक भाषांच्या एका कुळाचेही नाव आहे. कॅस्केड पर्वताच्या पूर्वेला कोरडी पठारे आहेत आणि तिथे कायोटी हा रोजच्या पाहण्यातला प्राणी आहे. पश्चिमेला ओली जंगले आणि खाड्या आहेत, तिथे लबाडाची भूमिका बहुधा मिंक नावाचा मुंगसासारखा लहान प्राणी किंवा डोमकावळा करतो, आणि जगाला आजचे रूप देण्याचे काम पुष्कळदा वेगळ्याच ‘रूप पालटणाऱ्या’ शक्तींकडे असते. फ्रेझर नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या स्टोलो लोकांमध्ये ही शक्ती म्हणजे अस्वलाची मुले असलेली तीन भाऊ आणि एक बहीण अशी भावंडे आहेत. मिशन गावाजवळ हात्झिक येथे एक प्रचंड शिळा आहे. तीन प्रमुखांना लिहिण्याची विद्या मिळाली होती आणि ती लोकांना शिकवण्याची त्यांना आज्ञा होती. त्यांनी ती शिकवली नाही, म्हणून या भावंडांनी त्यांना दगड केले, ती ही शिळा. जुनी पाने यांनी सांगितलेल्या कागदाच्या कथेशेजारी ही कथा ठेवून पाहावी.

नदीकाठ

एक भर घालतो, कारण सामनची कथा लिहिताना ती आपल्या उपयोगी पडेल. कायोटीने लोकांना दिलेल्या जागांमध्ये सर्वांत नावाजलेली जागा म्हणजे कोलंबिया नदीवरचे केटल फॉल्स. तिथे दर उन्हाळ्यात अनेक जमाती जमत आणि सामन-प्रमुख म्हणून नेमलेला माणूस मासे सर्वांना वाटून देत असे. ग्रँड कूली धरणाचे काम १९३३ साली सुरू झाले. त्यात माशांना वर चढण्यासाठी पायऱ्या ठेवल्याच नाहीत. पाणी चढू लागले तेव्हा जून १९४०मध्ये अनेक जमातींचे लोक तीन दिवस त्या धबधब्यापाशी जमले आणि त्यांनी त्याचा निरोप घेतला. त्या मेळाव्याला अश्रूंचा सोहळा म्हणतात. केटल फॉल्स आज जलाशयाखाली आहे.

ओकानागन नदीची वाट मात्र पूर्ण बंद झाली नाही, कारण ती कोलंबियाला जिथे मिळते ती जागा माशांना बंद असलेल्या धरणांच्या खाली आहे. समुद्रातून येणारा सॉकाय सामन नऊ धरणे चढून तिथे पोहोचतो. ओकानागन नेशन अलायन्स या त्यांच्या संघटनेने ही जात पुन्हा वाढवण्यासाठी कष्ट घेतले आणि २०१४ साली पेंटिक्टन येथे मत्स्यबीज केंद्र सुरू झाले. बंधारा फोडणाऱ्या कायोटीची कथा तिथल्या माणसांना जुनी का वाटत नाही, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

ओवीबंध

काल रात्री नावे वाटण्याच्या कथेचा शेवट पुन्हा लिहिला. आपणांस दाखवतो: “सगळी नावे गेली. एक तेवढे राहिले आहे, ते तुझेच. ते कोणी मागितले नाही आणि कोणी चोरलेही नाही. नकल्या, तुला झोप मीच लावली. माणसे जन्माला यायची आहेत, त्यांच्यासाठी वाट मोकळी कर.”

नदीकाठ

फार चांगले उतरले आहे. फक्त ‘जन्माला यायची आहेत’ याऐवजी ‘यायची आहेत’ एवढेच ठेवावे. ओकानागन लोकांच्या बोलण्यात ‘पुढे येणारी माणसे’ असा शब्दप्रयोग वारंवार येतो, आणि ती कुठून कशी येणार हे कायोटीलाही त्या क्षणी सांगितलेले नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे ‘नकल्या’ हे संबोधन ‘ते तुझेच’ याच्या लगेच नंतर आणावे. ज्या नावाची त्याला लाज वाटत होती, त्याच नावाने त्याला पहिल्यांदा आदराने हाक मारली जाते ती तिथे.